एअरीचा डावा डोळा

मनुष्याच्या पाच ज्ञानेंद्रियांत डोळ्याचा मान मोठा आहे. परंतु या इंद्रियाची एक मौज अशी, की ते साऱ्या जगाला पाहते, पण स्वतःतील उणीव त्याला दिसत नाही. पायात काटा रुतला तर पाय ठणकतो. दात किडला तर रात्रभर झोप लागत नाही. डोळ्याचे गाऱ्हाणे मात्र पुष्कळदा मुके असते. ज्याला लहानपणापासून अक्षरे पुसट दिसतात, त्याला अक्षरे तशीच असतात असे वाटते. इतरांना ती याहून स्पष्ट दिसत असतील, अशी शंकाही त्याच्या मनात येत नाही. कारण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची सोय निसर्गाने कोणालाच दिलेली नाही.

डोळ्यातील असाच एक मुका दोष एका तरुणाने चिकाटीने शोधून काढला आणि त्यावर उपायही केला. त्या तरुणाचे नाव जॉर्ज बिडेल एअरी.

एअरीचा जन्म २७ जुलै १८०१ रोजी इंग्लंडच्या उत्तर भागात ॲनिक या गावी झाला. तो लहान असतानाच त्याच्या वडिलांची नोकरी गेली आणि घरात ओढगस्त सुरू झाली. तरीही गरीब विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या आधारावर त्याने १८१९ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश मिळवला. १८२३ साली गणिताच्या पदवीपरीक्षेत तो पहिला आला. प्रकाशाचे किरण भिंगातून कसे वळतात, हा त्याच्या आवडीचा विषय होता.

या सुमारास एक विचित्र गोष्ट त्याच्या ध्यानात आली. वाचताना आपण केवळ उजव्याच डोळ्याचा उपयोग करतो. डावा डोळा उघडा असतो खरा, पण त्याने काही वाचले जात नाही. प्रथम त्याला वाटले, की ही निव्वळ सवय असावी आणि सरावाने ती मोडता येईल. म्हणून त्याने उजवा डोळा झाकून डाव्याने वाचण्याचा यत्न केला. पुस्तक जवळ धरले, दूर धरले. पण बारीक छापातील एकही अक्षर त्याला ओळखता येईना. त्याला लघुदृष्टी होती, म्हणजे लांबचे अस्पष्ट दिसत होते. त्यावर त्या काळी अंतर्गोल भिंगाचा चष्मा मिळत असे. तसे भिंग डाव्या डोळ्यासमोर धरले तरी दूरच्या दिव्याची ज्योत गोल ठिपक्यासारखी न दिसता लांबट दिसू लागली. एरवी ज्या भिंगाने दृष्टी सुधारावी, ते भिंग येथे अपुरे का पडावे?

हे कोडे समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. आपला नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक घुमट असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्याच्या आत बाहुली, बाहुलीमागे नेत्रभिंग आणि सर्वांत मागे दृष्टिपटल. बाहेरच्या वस्तूवरून येणारे किरण पारपटल आणि नेत्रभिंग या दोघांमुळे वळतात व दृष्टिपटलावर एकत्र येतात. किरण वळवण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम एकटे पारपटलच करते. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण दृष्टिपटलावर पुन्हा एका बिंदूत मिळाले, म्हणजे वस्तू रेखीव दिसते. ते पडद्याच्या अलीकडे मिळाले तर लघुदृष्टी आणि पडद्याच्या पलीकडे मिळू पाहत असले तर दूरदृष्टिता.

यासाठी पारपटलाची वक्रता सर्व दिशांनी सारखी असणे आवश्यक आहे. रबरी चेंडूवरून बोट उभे फिरवा किंवा आडवे फिरवा, गोलाई एकसारखीच लागते. आता स्वयंपाकघरातील चमचा घेऊन त्याच्या पाठीवरून बोट फिरवून पाहा. लांबीच्या दिशेने उतार सावकाश आहे, रुंदीच्या दिशेने तो एकदम आहे. एकच पृष्ठभाग, पण दोन दिशांनी दोन वक्रता! काही डोळ्यांचे पारपटल असे किंचित चमच्याच्या पाठीसारखे असते. हा फरक डोळ्यांकडे नुसते पाहून कोणाला कळणार नाही. पारपटलाच्या गोलाईची त्रिज्या सुमारे ७.८ मिलिमीटर असते. एका दिशेने त्या त्रिज्येत एकपंचमांश मिलिमीटरचा फरक पडला, तरी चष्म्याचा सुमारे एक नंबर लागतो. काही वेळा पारपटल निर्दोष असून आतील नेत्रभिंगात असे वैषम्य आढळते.

अशा डोळ्यात काय घडते? ज्या दिशेने वक्रता अधिक, त्या दिशेचे किरण लवकर एकत्र येतात; ज्या दिशेने ती कमी, त्या दिशेचे किरण उशिरा एकत्र येतात. त्यामुळे सर्व किरण एका ठिकाणी कधी भेटतच नाहीत. एका दिशेचे किरण दृष्टिपटलावर नीट जुळले, तर दुसऱ्या दिशेचे पसरलेले राहतात. आणि ठिपक्याच्या जागी एक छोटी रेषा उमटते. एअरीला दिव्याची ज्योत लांबट दिसली, ती याच कारणाने.

हे वैषम्य आपल्या डोळ्यात आहे की काय, हे पाहण्यासाठी एअरीने एक अगदी साधा प्रयोग केला. कागदावर त्याने एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन काळ्या रेषा काढल्या आणि तो कागद डाव्या डोळ्यासमोर धरला. विशिष्ट अंतरावर एक रेषा अगदी स्वच्छ दिसली, परंतु दुसरी जेमतेम दिसत होती. कागद थोडा जवळ आणताच स्वच्छ दिसणारी रेषा नाहीशी झाली आणि पुसट रेषा ठळक झाली! एकाच कागदावरील, एकाच शाईच्या दोन रेषा. दोष कागदाचा नव्हता आणि शाईचाही नव्हता.

दोन्ही रेषा एकाच वेळी स्पष्ट का दिसल्या नाहीत, हे थोडा विचार केला तर उमगते. रेषा म्हणजे बिंदूंची रांग. समजा, एखाद्या डोळ्यात प्रत्येक बिंदू आडवा पसरतो. आडव्या रेषेतील बिंदू आडवे पसरले तर ते शेजारच्या बिंदूंवरच पडतात, म्हणून ती रेषा बारीक आणि रेखीव राहते. उभ्या रेषेतील बिंदू मात्र दोन्ही अंगांनी बाहेर पसरतात आणि ती रेषा जाड व फिकट होते. बिंदू उभा पसरला तर याच्या उलट घडते.

दोष सापडला, परंतु एअरीला तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याला त्या दोषाचे माप हवे होते. त्याने एका पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडले आणि तो पुठ्ठा मापपट्टीवरून मागेपुढे सरकेल अशी योजना केली. छिद्रातून येणारा प्रकाशाचा ठिपका डाव्या डोळ्याने पाहत तो अंतर बदलत गेला. ठिपका डोळ्यापासून ६ इंचांवर, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरवर असताना त्याची एक रेखीव रेषा दिसली. ती उभ्या दिशेपासून सुमारे ३५ अंश कललेली होती. अंतर साडेतीन इंच, म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर झाले, तेव्हा पुन्हा रेषा दिसली. पण ती पहिलीशी काटकोन करणारी होती. या तीन आकड्यांत त्या डोळ्याचे सारे वैगुण्य पकडले गेले. आता प्रश्न उरला तो उपायाचा.

साधे गोलाकार भिंग सर्व दिशांनी सारखेच काम करते. ज्या डोळ्यात दोन दिशांची गरज दोन प्रकारची आहे, तेथे ते कसे पुरे पडणार? एअरीला असे भिंग हवे होते, की जे एका दिशेने किरण अधिक वळवील आणि दुसऱ्या दिशेने कमी. दंडगोलाकृती पृष्ठभागात हा गुण असतो. त्याची प्रचीती कोणालाही घेता येईल. काचेचा सरळ उभा पेला पाण्याने भरावा व त्यामागे थोड्या अंतरावर छापील कागद धरावा. अक्षरे रुंदीने ताणली जातात. उंची मात्र जवळजवळ जशीच्या तशी राहते. पेला उभ्या दिशेने सरळ आहे आणि आडव्या दिशेने गोल आहे, त्याचा हा परिणाम होय.

या तत्त्वावर एअरीने गणित मांडले आणि एका बाजूने गोलाकार, तर दुसऱ्या बाजूने दंडगोलाकृती, अशा अंतर्गोल भिंगाची मापे ठरवली. कागदावरचे गणित काचेत उतरवणे मात्र सोपे नव्हते. असे भिंग बनवण्याची सवय कारागिरांना नव्हती. अनेकांकडे विचारणा केली, पण काम होईना. अखेर इप्सविच येथील फुलर नावाच्या कारागिराने त्या मापांबरहुकूम भिंग तयार करून दिले. ते डाव्या डोळ्यासमोर धरताच, ज्या डोळ्याला एक अक्षर ओळखत नव्हते, तो डोळा बारीक छापही उजव्याच्या बरोबरीने वाचू लागला. २१ फेब्रुवारी १८२५ रोजी एअरीने केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे हा सारा वृत्तान्त निबंधरूपाने मांडला. तेव्हा त्याचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

एअरीच्या पूर्वीही एका विद्वानाने हा दोष पाहिला होता. टॉमस यंग नावाच्या इंग्रज वैद्याने आपल्याच डोळ्याची तपासणी केली आणि उभ्या व आडव्या दिशांचे किरण वेगवेगळ्या अंतरांवर जुळतात, हे १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सांगितले. त्याने डोळा पाण्यात ठेवून पारपटलाचा प्रभाव नाहीसा केला, तरी दोष कायम राहिला. त्यावरून दोषाचे मूळ आतील नेत्रभिंगात असल्याचे त्याने ताडले. परंतु त्याला त्याची फारशी अडचण भासत नव्हती, म्हणून त्याने स्वतःसाठी खास भिंग करवून घेतले नाही. एअरीला अडचण होती. त्या अडचणीतूनच उपाय जन्माला आला.

या दोषाचे नाव एअरीचा वडील सहकारी विल्यम ह्यूएल याने सुचवले. ते नाव म्हणजे ‘अस्टिग्मॅटिझम’. ग्रीक भाषेत ‘स्टिग्मा’ म्हणजे खूण किंवा बिंदू. त्याच्या आधीचा ‘अ’ हा आपल्या ‘अज्ञान’, ‘अशुद्ध’ या शब्दांतील ‘अ’सारखाच नकार दर्शवतो. जेथे बिंदूचा बिंदू राहत नाही, ती अवस्था, असा त्याचा अर्थ होतो. मराठीत या दोषाला दृष्टिवैषम्य म्हणतात. पुढे हॉलंडमधील नेत्रवैद्य फ्रान्सिस्कस डाँडर्स याने १८६२ व १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिले, की हा दोष दुर्मीळ नसून पुष्कळांच्या डोळ्यांत कमीअधिक प्रमाणात असतो. तेव्हापासून दंडगोलाकृती भिंगांचे चष्मे सर्वत्र दिले जाऊ लागले.

दोनशे वर्षांपूर्वीची ही हकीकत आजच्या वर्गातील मुलामुलींनाही लागू पडते. आपली देवनागरी लिपी पाहा. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत मुख्य भेद आहे तो शिरोरेषेतील एका लहानशा फटीचा. बिंदू आडवे पसरणाऱ्या डोळ्यात ती फट बुजू लागते आणि ‘धन’ व ‘घन’ सारखेच भासतात. ‘व’च्या पोटात तिरकी रेघ आली की ‘ब’ होतो आणि ‘प’च्या पोटात आली की ‘ष’. वैषम्य तिरक्या दिशेचे असले, तर ही रेघच फिकट होऊ शकते. मूल वाचताना अडखळते, फळ्यावरील मजकूर चुकीचा उतरवून घेते, गणितात आकडा बदलतो. मग मोठी माणसे त्याला निष्काळजी ठरवतात. आणि हळूहळू ते मूलही स्वतःला मंद समजू लागते. ज्याचा अपराध नाही, त्याला शिक्षा व्हावी, याहून मोठा अन्याय कोणता?

या दोषाच्या काही खुणा आहेत. दूरचे व जवळचेही अस्पष्ट दिसणे. रात्री दिव्याभोवती लांब रेघा फुटल्यासारख्या वाटणे. थोडे वाचताच कपाळ दुखणे. फळा पाहताना डोळे बारीक करणे किंवा मान वाकडी करणे. पापण्या बारीक केल्याने आत येणारे किरण कमी होतात, त्यांचा पसारा आटोपतो आणि तात्पुरते थोडे स्पष्ट दिसते. म्हणून नकळत तशी सवय लागते. या खुणा इतर कारणांनीही आढळतात. म्हणून एक डोळा हलक्या हाताने झाकून दुसऱ्याने फळा वाचून पाहावा. नंतर डोळे बदलून पुन्हा पाहावा. फरक वाटला तर घरी व शिक्षकांना सांगावे आणि नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. एक डोळा चांगला असला, तर दुसऱ्याचे वैगुण्य तो झाकून टाकतो, हे एअरीच्या उदाहरणावरून दिसलेच आहे. शिवाय लहान वयात एका डोळ्याकडून मेंदूला सदैव पुसट चित्रच मिळत राहिले, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि पुढे चष्मा देऊनही त्याची दृष्टी पुरती सुधारत नाही. उपचार जितका लवकर, तितका गुणकारी.

तपासणीनंतर मिळणाऱ्या चिठ्ठीवर दृष्टिवैषम्य असेल तर प्रत्येक डोळ्यापुढे तीन आकडे असतात. पहिला गोलाकार भिंगाचा, दुसरा दंडगोलाकृती भिंगाचा आणि तिसरा अंशांत लिहिलेला. ते भिंग कोणत्या दिशेने बसवायचे, हे तिसरा आकडा सांगतो. एअरीने मोजलेल्या कलत्या रेषेचाच हा वारसा होय. ही दिशा चुकली तर योग्य नंबरचे भिंगही नीट काम देत नाही. म्हणून चष्म्याची चौकट वाकवू नये आणि वाकडी झाली तर ती सरळ करून घ्यावी.

या दोषाविषयी काही गैरसमजही आहेत. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. हा रोग संसर्गजन्य नाही. किंबहुना बहुतेक वेळा तो रोगच नसून डोळ्याच्या घडणीतील फरक असतो. अंगाची ठेवण जशी ज्याची त्याची निराळी, तशीच ही. तथापि डोळे जोराने चोळण्याची सवय वाईट. तिच्यामुळे पारपटलाला इजा पोहोचू शकते. वर्गात एखाद्याने चष्मा लावला म्हणून त्याला चिडवणे तर सर्वथा अनुचित होय. ज्याच्यामुळे त्याला फळा दिसतो, ती वस्तू हसण्यासारखी कशी असेल?

एअरी पुढे १८३५ साली इंग्लंडचा राजज्योतिषी झाला आणि १८८१ सालापर्यंत त्याने ग्रिनिच वेधशाळेचा कारभार पाहिला. त्याने तेथे बसवलेल्या दुर्बिणीतून जाणारी रेषाच १८८४ साली शून्य रेखावृत्त म्हणून स्वीकारण्यात आली. आकाशातील ताऱ्यांचे वेध घेत असताना आपल्या डाव्या डोळ्याला तो विसरला नाही. त्याच्यात काही बदल होतो काय, हे पाहण्यासाठी त्याने वृद्धापकाळापर्यंत पुन्हा पुन्हा मोजमापे घेतली. २ जानेवारी १८९२ रोजी त्याचे निधन झाले.

आपल्यात उणीव आहे, हे कळल्यावर कोणी ती लपवतो, तर कोणी तिच्यापायी खंत करीत बसतो. एअरीने ती मोजली. म्हणूनच ती दूर करता आली.

स्वाध्याय

१. डोळ्याचे गाऱ्हाणे पुष्कळदा मुके असते, असे पाठात का म्हटले आहे?
२. चेंडू आणि चमच्याची पाठ यांच्या गोलाईत कोणता फरक आहे? त्यावरून दृष्टिवैषम्य समजावून सांगा.
३. दोन छेदणाऱ्या रेषांच्या प्रयोगातून एअरीला काय आढळले?
४. यंग व एअरी या दोघांनी हाच दोष पाहिला; मग उपाय एअरीनेच का शोधला?
५. ‘अज्ञान’, ‘अशुद्ध’ यांसारखे नकारार्थी ‘अ’ असलेले आणखी पाच शब्द लिहा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : ध्यानात येणे, प्रचीती घेणे, खंत करणे.
७. पाण्याने भरलेल्या पेल्याचा प्रयोग घरी करून पाहा आणि जे दिसले ते आठ-दहा ओळींत लिहा.